चोर सोडून टायमिंगला फाशी

पाना ठेव खाली. हात पूस आणि समोर बस. आता मी बोलणार आणि तू ऐकणार. 'पण उस्ताद' हे शब्द आज तोंडातून निघता कामा नयेत.

सौंसरकडच्या संत्रावाल्याची ओम्नी टोचन करून परत आली, पाहिलीस ना? छिंदवाड्याला निघाला होता माणूस. सिल्लेवानीच्या घाटात अर्ध्यावर गाडी उकळली. मागच्या सीटवर म्हातारी आई आणि लेकरं. डिपस्टिक ओढली तर तेल दुधाळ. हेडचं पॅकिंग गेलं. आणि तीच गाडी 'एकदम ओके' म्हणत तू त्याच्या हाती दिली होतीस, त्याला आठवडाही झाला नाही. आता काय म्हणतोस? जुनी गाडी आहे, चालायचंच.

चालायचंच? गाडी जुनी आहे हे आत घेताना दिसलं नव्हतं? कार्बोरेटरवाली आहे हे कळलं नव्हतं? जुन्या गाडीचं काम तुला येतं, असं ऐकून तो सौंसर सोडून पांढुर्ण्याला आला. सौंसरला काय मिस्त्री नाहीत? काम येतं म्हणून पैसे घेतलेस आणि काम फसल्यावर गाडीचं वय काढलंस. नाचता येईना, अंगण वाकडं.

तुझ्यासमोर मी सीट उचलली. क्लच हाउसिंगवरच्या खिडकीचं रबरी बूच काढलं. पॉइंटला टेस्ट लॅम्प लावला आणि क्रँक हाताने हळूहळू फिरवला. खूण खिडकीत यायची होती, तिच्या कितीतरी आधी दिवा लागला. पॉइंट उघडून मोकळा झाला होता आणि खुणेचा अजून पत्ता नव्हता. डिस्ट्रिब्युटरच्या बोल्टवर ताज्या पान्याचे ओरखडे होते. कोणाच्या पान्याचे? खाली का बघतोस? तुला तिथल्या तिथे सगळं समजलं होतं. मी काही बोलायच्या आधीच तुझा चेहरा उतरला. म्हणजे ज्ञान होतं. मग गाडी सोडताना ते कुठे ठेवलं होतंस?

तुझीच वही काढ. काय लिहिलंय? आयडल पकडत नाही, पिकअप नाही, पेट्रोल जास्त खाते. आणि तू केलंस काय? प्लग बदलले. पॉइंट बदलला. कंडेन्सर बदलला. कार्बोरेटर उतरवून धुतला. तरी उभी गाडी थरथरतेच आहे. मग डिस्ट्रिब्युटर ढिला केलास आणि कान लावून फिरवत बसलास. रेस वर आली, थरथर कमी झाली, आवाज गोड लागला. बोल्ट आवळलास आणि बिल फाडलंस.

रेस वर आली म्हणजे रोग गेला, हे तुला कोणी शिकवलं? मी तर नाही. धडधाकट इंजिनाचं टायमिंगसुद्धा थोडं अ‍ॅडव्हान्स केलं की आयडल वर येते. पहिल्याच वर्षी याच फरशीवर तुला करून दाखवलं होतं. बादलीला भोक पडलं होतं आणि तू भोक न बुजवता नळ मोठा सोडलास. वर म्हणालास, बघा, बादली भरलेली राहते.

भोक कुठे होतं ते सांगू? क्रँककेसमधली वाफ मॅनिफोल्डला नेणारी जी जाड नळी आहे ना, तिच्या खालच्या अंगाला. वरून नळी साबूत दिसते. खालून बोट फिरवलं की भेगेत नख अडकतं. तुझं बोट तिथवर गेलंच नाही, कारण हात वाकडा करावा लागतो आणि गरम लागतं. आणि दुसरी, डिस्ट्रिब्युटरच्या अ‍ॅडव्हान्सची बारीक नळी. ती फाटलेली तुला दिसली होती, हे मला माहीत आहे. कारण तिच्या जागी तू सलाइनची नळी खोचलीस. सलाइनची! सीटखाली कोंडलेल्या इंजिनाजवळ, जिथे मे महिन्यात बाहेरच पारा ४५ कडे सरकतो, तिथे दवाखान्यातलं प्लॅस्टिक. ते मऊ पडलं आणि स्वतःच्याच वजनाने चपटं होऊन बसलं. नळी आहे, पण आतून वाट बंद. गिऱ्हाइकाला दाखवायला नळी, इंजिनाला काहीच नाही. काऊन रे, असं काम करायला शिकवलं का मी तुला?

आता नीट ऐक, कारण हे तुला येतं आणि तरीही तू वेड पांघरून पेडगावला गेलास.

आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. इंजिन अगदी थोड्या हवेवर श्वास घेत असतं. त्या थोड्या हवेच्या हिशेबाने कार्बोरेटर पेट्रोल सोडतो. नळीची भेग कार्बोरेटरच्या मागून चोरटी हवा आत घेते. तिचा हिशेब कार्बोरेटरकडे नाही. मिश्रण पातळ पडतं, मिसिंग सुरू होतं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. एक सिलिंडर चुकला की तिसरा हिस्सा ताकद गेली. थरथरणार नाही तर काय?

आणि तीच भेग घाटात काय करते? फारसं काही नाही. थ्रॉटल पूर्ण उघडा असला की भसाभस हवा आत येते. मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जवळजवळ उतरतो. भेगेतून येणारी चिमूटभर हवा त्यात बुडून जाते. नीट लक्षात घे मी काय म्हणतो ते. गाडी ज्या दुखण्याने तुझ्याकडे आली, ते दुखणं तिला घाटात मारणारं नव्हतं. तिला मारलं तुझ्या इलाजाने.

कसं? ठिणगी पिस्टन वर पोचायच्या थोडी आधी का देतात? मिश्रण जळायला वेळ लागतो म्हणून. ९०० फेऱ्यांवर क्रँक एका मिलिसेकंदात साडेपाच अंशही फिरत नाही. ४५०० फेऱ्यांवर तेवढ्याच वेळात २७ अंश फिरतो. म्हणून वेग वाढला की ठिणगी आणखी आधी हवी. ते काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली वजनं करतात. ती बाहेर फेकली जातात आणि कॅम पुढे सरकवतात. झालं एक.

दुसरं काम त्या बारीक नळीचं. हलक्या पायाने गाडी सपाट रस्त्याला चालली आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये माल कमी, विरळ. विरळ मिश्रण सावकाश जळतं, त्याला ठिणगी अजून आधी हवी. त्या वेळी व्हॅक्यूम जोरात असतो. तो नळीतून डायफ्रॅम ओढतो, डायफ्रॅम पॉइंटची प्लेट ओढतो. पेट्रोल वाचतं. आणि चढ लागला, पाय दाबला, की व्हॅक्यूम पडतो, डायफ्रॅम सैल होतो आणि तो जास्तीचा अ‍ॅडव्हान्स आपोआप मागे येतो. आपोआप! ज्याने हे बनवलं त्याने घाटाचा विचार करून ठेवला होता. तू नळी मारलीस आणि तिची भरपाई डिस्ट्रिब्युटर फिरवून केलीस. डिस्ट्रिब्युटर फिरवून दिलेला अ‍ॅडव्हान्स मागे येतो का? नाही येत. तो आयडलला तेवढाच, बाजारात तेवढाच आणि सिल्लेवानीच्या चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, गाडी माणसांनी भरलेली असताना तेवढाच.

आणि फिरवलास किती? 'थोडासा', म्हणे. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो. तू तो ५ अंश सरकवलास की क्रँकवर १० अंश पडले. तुझं बोटभर म्हणजे इंजिनाला हातभर. पिस्टन अजून वर चढतोय आणि वरून दाब पडायला लागला. कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आपल्या आपण पेटलं. किणकिण झाली असेल. त्याने ऐकलीही असेल. पण आत लेकरं बोलतायत, टपावर संत्र्याची खोकी हलतायत, त्याला काय कळणार ती इंजिनाची किणकिण आहे? ते ऐकणं तुझं काम होतं. अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापलं, पॅकिंगने दम सोडला, पाणी तेलात उतरलं.

आता तुझ्या सबबी घेऊ. एकेक करून घेऊ, सुटायला जागा ठेवत नाही.

'गिऱ्हाईक घाईत होतं.' गिऱ्हाईक घाईतच असतं. मिस्त्रीने घाईत असावं असं कुठे लिहिलंय? नळ्या तपासायला किती वेळ लागतो? इंजिन आयडलला ठेवायचं. फडकं गुंडाळलेल्या नोज प्लायरने एकेक नळी दाबायची. जी दाबल्यावर इंजिन सुधारतं, तीच चोर. एवढंच काम. तेवढ्या वेळात तू चहा पितोस. प्लग, पॉइंट, कंडेन्सर बदलण्यात अर्धी सकाळ घालवलीस, तेव्हा घाई नव्हती? तेव्हा पार्टचे पैसे लागत होते, म्हणून घाई नव्हती. नळी दाबून बघण्याचं बिल होत नाही. हे बोलायला मला बरं वाटत नाही, पण खरं आहे की नाही?

'पार्ट भेटत नाही.' कोणता पार्ट? व्हॅक्यूमची नळी? मीटरवर मिळते. नागपूरला जाणारा रोज कोणीतरी असतो, त्याच्याजवळ तुकडा दिला की तो आणून देतो. आणि तेवढाही धीर नव्हता, तर जुन्या नळीचं टोक फाटलं होतं ना? लांबी पुरत असेल तर अर्धा इंच कापून पुन्हा चढवायची. निपलवरचं टोकच कडक होऊन फाटतं, मधली नळी बरी असते. हे तू दुसऱ्यांच्या गाड्यांवर केलंयस. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मग या गाडीवर दवाखाना का आठवला?

'मी कानाने टायमिंग लावतो.' हो, तुझा कान चांगला आहे. या गल्लीत तुझ्याइतका कान कोणाचा नाही. तीच तर माझी तक्रार आहे. ज्याला कानच नाही, त्याला मी काय बोलू? कान रोग ओळखायला असतो. मोजायला नाही. भेग असलेल्या इंजिनाचा आवाज गोड होईपर्यंत फिरवलंस, म्हणजे कानाने टायमिंग नाही लावलं, कानाची समजूत घातलीस. टायमिंग लाइट गल्ल्याखालच्या खणात आहे. व्हॅक्यूम गेजही तिथेच आहे. दोन्हींवर धूळ आहे. फुंकर मारली तर मला शिंका येतील.

'गॅसवर तर बरी चालत होती.' ही सबब सगळ्यात वाईट, कारण ती अर्धी खरी आहे. एलपीजीचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त. त्याला जास्त अ‍ॅडव्हान्स सोसतो. म्हणून गॅसवर किणकिण आली नाही. पण घाटात त्याने स्विच पेट्रोलवर टाकला असेल तर? टाकणारच. गॅस संपत आला की टाकतोच माणूस. दोन्हींवर चालणाऱ्या गाडीचं टायमिंग पेट्रोलच्या हिशेबाने लावायचं, हे तुला ठाऊक नाही असं सांग, मी ऐकून घेतो. सांगता येतं का? आणि एक लक्षात ठेव. उद्या कोणी घरच्या सिलिंडरवर गाडी चालवत असेल, तर ती गाडी आपल्या दुकानात उभी करायची नाही. त्यावर चर्चा नाही.

आता गेज. मी दिलं तेव्हा तू किती दिवस गळ्यात अडकवल्यासारखं फिरवत होतास! सुई काय सांगते, आठवतं? समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन आयडलला १७ ते २१ इंच दाखवतं. पण आपण समुद्रावर राहत नाही. पांढुर्णा साडेचारशे मीटरहून उंच आहे आणि हजार फुटांमागे एक इंच कमी धरायचा. म्हणजे इथे दीडेक इंच खालीच. पुस्तकातला आकडा आला नाही म्हणून घाबरायचं नाही आणि आला नाही म्हणून फिरवायचंही नाही. सुई स्थिर, पण खाली आहे, तर दोन संशयित. हवेची गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग. दोन्हींत सुई जवळजवळ एकच बोलते. आणि टायमिंग पुढे केलं की गळती असतानाही सुई वर चढते. इथेच लबाडीला वाव आहे आणि इथेच तू फसलास. म्हणूनच आधी गळती, मग टायमिंग. आधी गळती, मग टायमिंग. उलट केलंस की गेजसुद्धा तुझ्या बाजूने खोटी साक्ष देईल. सुई ठरावीक ठेक्यात खाली पडत असेल तर व्हॉल्व्हकडे बघ. पायाने झटका दिला की सुई शून्याकडे पडते आणि पाय सोडला की आयडलच्या वर उडी मारून परत बसते. ती उडी कमी पडली की रिंगा विचारात घे. हे सगळं तू मला तोंडपाठ म्हणून दाखवलं होतंस. म्हणायला येतं, करायला का येत नाही?

आणि गळती शोधायला ते पेट्रोल शिंपडायचं थेर मला पुन्हा दिसलं तर मी दुकानाला कुलूप घालीन. त्या दिवशी बाटलीच्या झाकणाला भोक पाडून मॅनिफोल्डवर पेट्रोल मारत होतास. खाली एक्झॉस्ट लाल झालेला, बाजूला पॉइंटची ठिणगी. आणि ओम्नीत हे सगळं माणसाच्या बुडाखाली! साबणाचं पाणी घे. मॅनिफोल्डच्या जोडावर, कार्बोरेटरच्या बुडाच्या पॅकिंगवर थेंब सोड. जिथे गळती आहे तिथे थेंब आत ओढला जातो आणि इंजिनाचा आवाज बदलतो. वाट बघायला लागते एवढंच.

अ‍ॅडव्हान्सचा डायफ्रॅम तपासलास का? नाही. त्याला यंत्र लागत नाही. नळी डिस्ट्रिब्युटरच्या डबीवर ठेवायची, दुसरं टोक तोंडात धरायचं, ओढायचं आणि जिभेने बंद करायचं. कॅप काढलेली असली तर पॉइंटची प्लेट सरकताना डोळ्याला दिसते. जिभेला ओढ टिकली तर डायफ्रॅम चांगला. सुटली तर डबी गेली. जुन्या मिस्त्रींनी आयुष्यभर असंच केलं. तुला जीभ आहे, पण ती सबबी सांगण्यात गुंतलेली असते.

पॉइंटचं काय केलंस? नवा पॉइंट बसवला, बरोबर. गॅप कशाने लावला? लग्नपत्रिकेच्या तुकड्याने. मी कचऱ्याच्या डब्यात तो तुकडा पाहिला, तेलाचा डाग होता. फिलर गेज कुठे होता? हाताशीच होता! गॅप वाढला की पॉइंट आधी उघडतो, टायमिंग पुढे सरकतं. गॅप कमी झाला की मागे पडतं. पत्रिका कोणी जाड छापतो, कोणी पातळ. म्हणजे डिस्ट्रिब्युटरला हात लावायच्या आधीच तुझं टायमिंग कोणाच्या तरी लग्नाच्या ऐपतीवर ठरलं. म्हणून गॅप आधी, टायमिंग नंतर. गॅप बदलला की टायमिंग पुन्हा. दर वेळी. कंटाळा आला तरी.

टायमिंग कसं लावतात तेही पुन्हा ऐक, कारण तू विसरल्याचं सोंग चांगलं करतोस. इंजिन गरम. आयडल पुस्तकात सांगितलेल्या फेऱ्यांवर. अ‍ॅडव्हान्सची नळी डिस्ट्रिब्युटरवरून काढून टोक बंद. लाइट पहिल्या सिलिंडरच्या वायरवर. खूण खिडकीत जुळली की बोल्ट आवळायचा आणि आवळल्यावर पुन्हा बघायचं, कारण आवळताना सरकतं. मग नळी परत लावायची आणि रेस देऊन बघायचं, खूण पुढे पळते का? पळाली तर वजनं आणि डायफ्रॅम जिवंत आहेत. एवढं झाल्यावर कार्बोरेटरच्या स्क्रूला हात. तू स्क्रूपासून सुरुवात करतोस. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आणि ट्रायल? गाडी घेऊन कुठवर गेलास? स्टेशनापर्यंत. रिकामी. सपाट रस्त्याने. अरे, सपाटीला रिकामी ओम्नी तर ढकलली तरी चालते! या गाड्या कोण चालवतं आणि कशाला चालवतं, हे तुला सांगायला हवं का? २०१५ मध्ये छिंदवाडा-नागपूर नॅरो गेज बंद झाली. रुंद रूळ पडेपर्यंत सौंसर-रामाकोन्याच्या माणसाला रस्ताच उरला होता. पांढुर्णा २०२३ साली वेगळा जिल्हा झाला. त्याआधी दर कागदाला छिंदवाडा आणि दर वेळी तो घाट. जामसावळीला शनिवारी जाणारी गाडी बघ. पाच जणांच्या जागेत दहा बसलेले असतात. नागपूरला पेशंट नेणारी गाडी बघ. ही गाडी भरलेली असते आणि चढ चढते, हाच तिचा जन्म. तिची परीक्षा रिकामी, सपाटीवर घेतलीस आणि पास केलंस. कोणाला फसवलंस? गिऱ्हाइकाला नंतर. आधी स्वतःला.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला, सांगू? गेल्या पावसाळ्यात ती मारुती आठशे आली होती, ब्रेक दगडासारखा जड म्हणून. मास्टर सिलिंडर, कॅलिपर, सगळं दुसऱ्या मिस्त्रीने उघडून ठेवलं होतं. तू काहीही उघडलं नाहीस. इंजिन बंद करून पेडल दाबून दाबून व्हॅक्यूम रिकामा केलास, पाय दाबून धरलास, इंजिन सुरू केलं आणि पेडल खाली जातंय का ते बघितलंस. गेलं नाही. मग सरळ बूस्टरच्या नळीतल्या एकदिशा व्हॉल्व्हवर बोट ठेवलंस. तुझं निदान पाहून मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो होतो, कारण तोंडावर कौतुक करायची माझी सवय नाही. तोच माणूस या ओम्नीपुढे पत्रिकेचा तुकडा आणि सलाइनची नळी घेऊन बसतो? तुला येत नसतं तर मी शिकवलं असतं. ज्याला येतं आणि जो करत नाही, त्याला काय शिकवू?

त्या दिवशी पोरगं येऊन उभं राहिलं, आठवतं? नवीन लागलेलं. तू डिस्ट्रिब्युटर फिरवत होतास आणि ते बघत होतं. 'बघ, असं लावायचं टायमिंग,' म्हणालास. उद्या ते कुठेतरी दुकान टाकेल, मोहगावला, लोधीखेड्याला. तिथे कोणाची तरी गाडी कान लावून फिरवेल. घाट उतरणाऱ्या-चढणाऱ्या किती गाड्यांत तुझा हा हात पोचणार आहे, याचा विचार केलास कधी?

आता रडू नकोस आणि तोंड पाडून बसूही नकोस. काम सांगतो.

त्या संत्रावाल्याला फोन तू करायचा, मी नाही. 'गाडी जुनी होती' हे वाक्य फोनवर आलेलं मला चालणार नाही. नळी फुटली होती, मी ती न बघता टायमिंग पुढे केलं, म्हणून पॅकिंग गेलं. एवढं साधं सांगायचं. पॅकिंगचे, तेलाचे, लेथचे पैसे तुझ्याकडून जातील. आधी घेतलेल्या बिलातले पॉइंट-कंडेन्सरचे पैसेही परत, कारण त्यांचा रोगाशी संबंध नव्हता. आईला दवाखान्यात न्यायचं होतं, असं म्हणाला तो. आपली गाडी द्यायची, चालवायला तू जायचं.

हेड उतरव. सपाटी पट्टी ठेवून, फिलर घालून तपास, डोळ्याने नाही. वाकलं असेल तर लेथवर जाईल. पिस्टनचे माथे बघ, कडा खाल्ल्या गेल्या आहेत का. पॅकिंग बसवताना नटांचा क्रम आणि टॉर्क पुस्तकातून. पुस्तक कपाटात वरच्या फळीवर आहे. मग सगळ्या नळ्या नव्या, मीटरवर आणलेल्या, रबरी. मग गॅप, फिलरने. मग टायमिंग, लाइटने. ते पोरगं शेजारी उभं राहील आणि तू दर पायरी त्याला तोंडाने सांगशील.

आणि ट्रायल सिल्लेवानीला. गाडीत दुकानातले सगळे बसतील, मीही बसेन. दुसऱ्या गिअरमध्ये, पाय दाबून. मी काच खाली करून ऐकत राहीन.

ऊठ आता. आधी ते दुधाळ तेल उतरव, बेअरिंगं त्यात भिजत पडली आहेत.